पुतणीचा प्रश्न आणि आमची नीती

गेल्या वैशाख पौर्णिमेला तीर्थपुरीच्या घरी भावकी जमली होती. वंदना झाली, खीर वाटून झाली आणि थोरल्या बंधूंची मुलगी सर्वांसमोर म्हणाली, "काका, मला लग्न करायचंय. मुलगा मातंग समाजाचा आहे. जालन्याला माझ्याबरोबरच नोकरीला आहे."

घर चिडीचूप झाले. मग दादा कडाडले, "एवढं शिकवलं ते याच्यासाठी? उद्या विहारात कोणत्या तोंडानं जाऊ?" वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेल्या. सगळे आमच्याकडे पाहू लागले, कारण घरात चार पुस्तके वाचणारे आम्हीच. खरे सांगतो, वाचकहो, आम्ही फक्त "बघू, शांतपणे विचार करू" एवढेच म्हणालो. मनात मात्र 'समाज काय म्हणेल' हेच होते. दरवर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनावर भाषण ठोकणारे आम्ही!

रात्री झोप येईना. बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे 1936 चे भाषण काढून बसलो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने संमेलनच रद्द केले, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला आहे. नियम म्हणजे पाककृती: अमुक घाला, तमुक ढवळा. तो पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही, म्हणून त्याची जबाबदारीही नसते. तत्त्वाचे तसे नाही. न्याय हे तत्त्व धरले की प्रत्येक वेळी आपणच तोलायचे, चुकले तर उत्तरही आपणच द्यायचे. नुसत्या हुकमांचा धर्म माणसाच्या नैतिक जीवनातले स्वातंत्र्यच काढून घेतो, असे त्यांचे म्हणणे. ते वाचून आम्ही चपापलो. मनूचे नियम आम्ही जाळले खरे, पण भावकीचे नियम उशाला घेऊन निजलो होतो.

नीतीवर टीका करणारे जगात पुष्कळ झाले. जर्मनीचा नीत्शे दया-करुणेला दुबळ्यांची नीती म्हणून हिणवायचा, आणि त्याच माणसाने 1888 साली लिहिलेल्या पुस्तकात मनूची वाहवा केली. बाबासाहेबांनी हे नाते बरोबर हेरले होते. थोरांना मोकळीक आणि बाकीच्यांना बेड्या, असले स्वातंत्र्य आपल्या काय कामाचे?

पण दादांचा एक सवाल आम्हाला उडवून लावता येईना. सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मग ज्याला जे वाटेल ते त्यानं करावं का?" 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी याचा विचार केला आहे. अमर्याद स्वातंत्र्य समतेचा घात करते. कायदा राखण करतो, पण खरी राखण बंधुभावाचीच. आम्ही दादांना उलट विचारले, "पोरीच्या निवडीनं कुणावर अन्याय होतो? बंधुभाव तुटतो की जुळतो?" ते काही बोलले नाहीत. वहिनीच आतून म्हणाल्या, "बाबासाहेबांनी अठ्ठेचाळीस साली माईसाहेबांशी लग्न केलं, ते जात बघून केलं का?" दादांनी कप खाली ठेवला आणि उठून शेताकडे गेले.

त्यांचा राग निव्वळ जातीचा आहे असे आम्हास वाटत नाही. ज्या वस्तीने वर्गणी काढून पोरीच्या शिक्षणाला हात दिला, तिला न विचारता निर्णय झाला, हे त्यांना लागले आहे. हे दुःख खोटे नाही. पण त्या वर्गणीने पोरीचे मन विकत घेतले होते काय?

1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे पोरांनी जालन्याला नोटीस दिली आहे. तीस दिवस ती कार्यालयात लावलेली राहील. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोघे मुलाकडचे आहेत, तिसरे नाव आमचे. दादांना हे आम्ही अजून सांगितलेले नाही. येत्या रविवारी सांगणार आहोत.