मावळतीचा नियम आणि उत्तरेचा सूर्य

शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांचे दर्शन घेऊन हिंगोली जिल्ह्यातील एखादे व्यापारी कुटुंब नॉर्वे-स्वीडनच्या प्रवासाची आखणी करू लागले, की खर्चाआधी आजीच्या रात्रिभोजनत्यागाचा विचार करावा लागतो. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रॉम्सो येथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. तेथे सायंकाळचे भोजन कधी आटोपावे?

अशा वेळी उत्तरेचा मोह सोडून स्टॉकहोम, ओस्लो आणि बर्गेन एवढीच मर्यादा ठेवावी. जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री दहा-अकराच्या सुमारास होतो. घरच्याप्रमाणे सातला जेवण उरकले तरी बाहेर ऊन असते. ओस्लो-बर्गेन रेल्वेमार्गावर मिरडालला उतरून वीस किलोमीटरच्या घाटातील गाडीने फ्लोमला जावे. तेथून बोटीने नॅरॉयफ्योर्ड ही कड्यांमधली चिंचोळी खाडी पाहता येते. २००५ पासून ती जागतिक वारसा आहे. वृद्धांना पायपीट पडत नाही. प्रत्येक मुक्कामी तीन रात्री राहावे आणि स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे, म्हणजे बटाट्याच्या देशातही मुगाची खिचडी शिजते.

श्रावकाचे दिग्व्रत दिशांना मर्यादा घालते. चातुर्मासापूर्वी घरी परतणारी अशी सहल त्या व्रताला साजेशीच असते, आणि आजीही तिच्यात निश्चिंतपणे सहभागी होते.