मुरूडच्या वाडीत दोघंच

आपल्या घरांत प्रवास म्हणजे कुणाचं लग्न, कुणाची मय्यत, नाहीतर उमरा. नवरा-बायकोने दोघांनीच कुठे जाऊन राहायचं ते नव्या जोडप्यांनी, संसार वीस वर्षांचा झाला की घरचेच म्हणतात, "आता या वयात?" प्रेषितांनी (स.) प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र विसरतो.

अशा दोन दिवसांसाठी रायगड जिल्ह्यातलं मुरूड चांगलं. नारळी-पोफळीच्या वाड्यांत दोघांपुरती कॉटेज भाड्याने मिळतात. एक खोली, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. जेवण घरगुती: तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, सोलकढी. मासळीला जबिहाचा प्रश्न नाही. कोंबडी-मटण हवं असेल तर आधी विचारून घ्यावं. दोघांची ओळखपत्रं जवळ ठेवावीत. फजर झाली की किनाऱ्यावर चालायला निघावं. त्या वेळी तिथे कोळी आणि कावळे सोडले तर कुणी नसतं.

जंजिरा पाहायला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते. जंजिरा हे नावच अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आलं. हबशाणातून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला असा राखला की तो कुणालाच जिंकता आला नाही. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत कलालबांगडी तोफ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह देण्यासाठी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि जुम्याच्या दुपारी नमाजसाठी थांबतात. वेळ तशी ठरवावी.

जंजिऱ्याच्या नाझली बेगम १९०८ साली नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. म्हणजे पतीबरोबर दुनिया पाहणं ही या गावात तरी नवी गोष्ट नाही. संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे दगडी मकबरे आहेत. तिथे फोटोंच्या आधी फातिहा पढावी.

अशा ठिकाणी संध्याकाळी पडवीत बसलं की घरी राहून गेलेल्या गोष्टी निघतात. मुलीचं स्थळ, तिच्या दुखणाऱ्या गुडघ्यांना कधीचा दाखवायचा राहिलेला डॉक्टर, त्याच्या डोक्यावरचं कर्ज. घरात या गोष्टी बोलायला वेळ नसतो, किंवा कुणीतरी ऐकत असतं. कुरआनने नवरा-बायकोला एकमेकांचा लिबास म्हटलं आहे. कपडाही कधीतरी उसवतो. तो वेळेवर शिवण्यासाठी दोन दिवस काढले, तर मुलंबाळं आणि सासू-सासरे यांच्या वाट्याचं काही कमी होत नाही.