बाटलीमागे वाचलेले पैसे

जिंतूरला शिवणकाम करणाऱ्या एका खालांच्या दुकानाची पाटी आमच्या धाकट्या भावाने छापली होती. फेब्रुवारीचा महिना, परभणीच्या उरुसाची गर्दी, हाताशी कामच काम. जूनमध्ये शाळेच्या कामासाठी आमचे तिकडे जाणे झाले. पाहतो तर पाटीवरची लाल अक्षरे फिकट गुलाबी झालेली, आणि खालांनी वहीच्या कागदावर नाव लिहून वर चिकटवलेले. तक्रार अशी त्यांनी केलीच नाही. "ऊन लई असतंय बेटा, उडाला असंल रंग," एवढेच म्हणाल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

रंग उन्हाने उडाला, हे खरे. पण दोष उन्हाचा नव्हता. भावाचे मशीन व्हिनाइलवर इको-सॉल्व्हेंट शाईने छापते. मशीनच्या कंपनीची शाई महाग, म्हणून छोटे दुकानदार दुसऱ्या उत्पादकांची शाई वापरतात. त्यात गैर काही नाही. त्यांतल्या काही शाया चांगल्या असतात. आमच्या भावाने मात्र गर्दीच्या दिवसांत सर्वांत स्वस्त बाटली न तपासता ओतली. त्याला "घे" म्हणणारे आम्हीच होतो, कारण मशीनचा हप्ता आमच्या पगारातून जातो. लाल रंग म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा यांची बेरीज. हलक्या शाईतला पिवळा उन्हात आधी उडतो आणि मागे गुलाबी उरतो.

घरी येऊन भावाला समोर बसवले आणि वर्गात मुलांना घालतो तसे गणित घातले. एक चौरस मीटर छपाईला साधारण १० मिलिलिटर शाई धरली, तर एका लिटरमध्ये १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७५ चौरस फूट काम होते. लिटरमागे ५०० रुपये वाचले, तर फुटामागे ५० पैसेही वाचत नाहीत. खालांची पाटी ६ बाय ३ फुटांची, म्हणजे १८ चौरस फूट. आपण आठ-नऊ रुपये वाचवले आणि त्यांचे नाव पुसले. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाईजान, पाटी फुकट बदलून देतो." अम्मी म्हणाल्या, "फुकट कसली? ते देणंच आहे."

तेव्हापासून घरात नियम ठरला. नवी शाई आली की आधी बाटलीवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पाहायची. जुन्या शाईत नवी मिसळायची नाही. दोन शायांचे जमले नाही तर आत गाठी होतात आणि केसाहून बारीक छिद्रे असलेले हेड तुंबते. हेड गेले की हजारोंचा फटका. म्हणून नळ्या धुऊनच शाई बदलायची. नोझल चेक काढायचा, मशीन दोन दिवस बंद ठेवून पुन्हा काढायचा. रेषा तुटल्या तर ती शाई नको. शाई बदलली की रंगही बदलतो, म्हणून तिचे प्रोफाइल नव्याने बसवायचे. छापलेली पट्टी वाळली की नखाने खरवडून आणि ओल्या फडक्याने पुसून पाहायची. शेवटी पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती गच्चीवर बांधायची. परभणीचा मे महिना कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलतो.

आणखी एक गोष्ट, घरच्यांसाठी. 'इको' या शब्दाने आम्ही फसलो होतो. वास कमी येतो, म्हणून भावाचा मुलगा मशीनच्या खोलीतच अभ्यासाला बसायचा. पण ही शाई वाळते तेव्हा तिच्यातील द्रावक हवेतच जातो. आता तिथे एक्झॉस्ट पंखा आहे, हातमोजे आहेत आणि मुलाचे दप्तर घरात आले आहे. धुतलेली शाई गटारात न ओतता डब्यात साठवतो.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा ओळखणाऱ्या आपल्या प्यारे नबींचा ﷺ प्रसंग आपण मुलांना सांगतो. ओले धान्य वर ठेवायला हवे होते, म्हणजे घेणाऱ्याला दिसले असते, ही त्यातली शिकवण. पाटी नवी असताना कोणत्याही शाईची चमकच दिसते. आतला ओलावा फक्त छापणाऱ्याला ठाऊक असतो. म्हणून भाऊ आता गिऱ्हाईकाला आधीच विचारतो: पाटी सावलीत लागणार की उन्हात, आठवड्यासाठी की काही वर्षांसाठी? शाई कोणती आहे, हेही सांगतो. काही गिऱ्हाईके पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ द्यावीत.

खालांची नवी पाटी लावायला आम्ही दोघे गेलो. त्यांनी चहा केला आणि पैसे पुढे केले. भावाने ते घेतले नाहीत. त्या पाटीच्या शाईची पट्टी आमच्या गच्चीवर अजून बांधलेली आहे. दर जुम्याला भाऊ पुठ्ठा उचलून दोन्ही बाजू पाहतो.