गोटमारीच्या आठवड्यातली पाने

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार. सौंसर

आज खांदशेकणी. शेजारच्या काकांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावलं, पळसाच्या पानांनी शेकलं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. त्यांच्या संत्र्याच्या बागेत आता नांगरट ट्रॅक्टरनं होते, तरी बैलजोडी त्यांनी विकलेली नाही. "पोया आला की दावणीले बैल पायजे," एवढंच म्हणतात.

उद्या माहेरी, पांढुर्ण्याला जायचं आहे. भाच्याचा दुपारी फोन आला. "आत्या, येतानी तुया चार्जर आण, मायाचं वायर तुटलं. परवा दिवसभर मोबाइल चालला पायजे." परवा म्हणजे गोटमार, नदीवरचा दगडफेकीचा मेळा. गेल्या वर्षी त्याच्या एका व्हिडिओला इतके लोक मिळाले की महिनाभर तो त्याच आनंदात होता. मला तेव्हापासून झोप लागत नाही असं नाही, पण गोटमारीचा विचार आला की पहिल्यांदा आता दगड दिसत नाही, त्याच्या हातातला फोन दिसतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पांढुर्णा

पोळा. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या म्हणजे पोळ्याच्या चढाओढीच्या कविता सुरू झाल्या. एका बाजूचा गडी झडती म्हणतो, दुसऱ्या बाजूचा तिला झडतीनंच उत्तर देतो, आणि मधली माणसं पोट धरून हसतात. सरकार, सावकार, सासू, पाऊस कोणी सुटत नाही. मग तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरोघरी ओवाळून घ्यायला निघाले. वहिनींनी पुरणपोळीचा घास बैलाच्या तोंडात दिला आणि पाया पडल्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. शाळा, कचेरी, पाट्या सगळं हिंदीत. पण झडत्या अजून मराठीत म्हटल्या जातात आणि ऐकणाऱ्याला त्यातली प्रत्येक खोच कळते. मला या करमणुकीचा अभिमान वाटतो. तिथं दोन पक्ष आहेत, चुरस आहे, डिवचणं आहे, जिंकणं-हरणं आहे, आणि कुणाचं डोकं फुटत नाही.

रात्री भाच्याला विचारलं, "तू मारायला जातोस का?"

"नाही न आत्या. मी तं फक्त व्हिडिओ काढतो."

"आणि मारणारे तुझे मित्र?"

तो थोडा थांबला. "वर्षभर आमाले कोण पाहते? एक दिवस सारा देश पाहते."

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. मी उत्तर दिलं नाही, कारण त्यातला अर्धा भाग खरा होता.

२३ ऑगस्ट, शनिवार. पांढुर्णा

सकाळी लवकर वहिनींबरोबर जाम नदीवर गेले. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, वर झेंडा. सावरगावकडून ते आणून लावतात. सकाळच्या वेळी तिथं बायका-पोरं, नारळ, कुंकू, नवस. चंडी मातेचं दर्शन घेऊन माणसं नदीवर येतात, झाडाला हात लावतात. एवढंच असतं तर या मेळ्यासारखा मेळा नाही असं मी सगळ्यांना सांगितलं असतं. काठावर मात्र गोट्यांचे ढीग आधीच लागलेले होते.

दुपारपर्यंत बायका घरी परततात आणि खेळ सुरू होतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या पोरांनी पाण्यात उतरून कुऱ्हाडीनं झाड तोडायचं आणि आणायचं, सावरगावच्यांनी दगड मारून त्यांना अडवायचं, आणि इकडून तिकडे उत्तर. झाड तुटलं तर जयघोष करत चंडी मातेच्या देवळात नेतात. नाही तुटलं तर संध्याकाळी दोन्ही बाजू समजुतीनं नेतात. म्हणजे शेवट दरवर्षी ठाऊक असलेलाच आहे, झाड देवीपाशीच जातं. मधल्या तासांत शेकडो माणसं रक्तबंबाळ होतात.

वहिनींचं माहेर सावरगाव. त्यांचा धाकटा भाऊ पलीकडच्या काठावर असतो. दरवर्षी या दिवशी त्या दुपारी जेवत नाहीत. आजही जेवल्या नाहीत. रुग्णवाहिकेचा आवाज आला की पदर तोंडाशी धरून दाराशी जातात, ती पुढे गेली की आत येतात. दोन्ही गावांच्या लेकी एकमेकांच्या घरात दिलेल्या आहेत. उद्या सकाळी हीच माणसं एकमेकांकडे लग्नाच्या याद्या करायला बसतील. वैर नाही, हे सगळे सांगतात आणि खरंच सांगतात. पण वैर नसताना दगड मारणं मला वैरापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

आमच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट अशी: पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला. नदीच्या पाण्यात दोघं अडकली आणि दोन्ही काठांवरून त्यांच्यावर गोटे पडले. दोघं मेली. गावांना पश्चात्ताप झाला, त्यांना चंडी मातेपाशी नेलं, आणि त्यांच्या आठवणीत हा मेळा. दुसरी एक कथा भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची आहे. पण गावानं जीव लावला आहे तो या पहिल्या गोष्टीला. मग ती नीट ऐकू या ना. त्या गोष्टीत आपण कुणाच्या बाजूनं आहोत? त्या दोघांच्या. आणि दरवर्षी सोंग मात्र काठावर उभं राहून दगड मारणाऱ्यांचं घेतो. त्यांची आठवण ठेवायची तर त्या दिवशी नदीवर एकही गोटा उचलला जाता कामा नये. मेळ्याच्या विरोधात बोललं की परंपरेचा अपमान म्हणतात, म्हणून मी परंपरेच्याच गोष्टीतून हे मांडते आहे.

१९५५ पासूनचा हिशेब वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात. दहाहून जास्त जीव गेले आहेत. हात गेले, डोळे गेले. प्रशासनाची जमावबंदी, दारूबंदी, गोफणीवर बंदी, डॉक्टरांची शिबिरं सगळं असतं. रबरी चेंडूही देऊन पाहिले, लोकांनी ते बाजूला सारून गोटे उचलले. मानवाधिकार आयोगाचंही बोलून झालं.

संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आली. तान्हा पोळा. एक मुलगी झाशीची राणी झाली होती, तिनं बैलाला स्वतःची ओढणी पांघरली होती. वहिनींनी प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवले, तोवर त्यांच्या भावाचा फोन आलेला होता, तो ठीक होता.

२४ ऑगस्ट, रविवार. सौंसर

परतले. 

सकाळपासून मोबाइलवर गोटमार. जिथं पूर्वी काठावरच्या गच्च्यांवर शे-दोनशे ओळखीचे लोक असत, तिथं आता लाखो अनोळखी डोळे आहेत. ओळखीचा माणूस बघत असला तर दगड लागल्यावर तो धावतो, पाणी आणतो, रात्री घरी विचारपूस करतो. अनोळखी माणूस बोटानं वर सरकवतो आणि पुढचा व्हिडिओ बघतो. कुठं पार्श्वसंगीत लावलेलं, कुठं डोकं फुटण्याचा क्षण तीनदा फिरवलेला. भाच्याच्या व्हिडिओत शेवटी एक मुलगा खाली बसतो आणि कॅमेरा त्याच्यावर थांबतो. तिथं खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली आहेत.

गोटमार टिकून आहे ती श्रद्धेनं, असं आपण समजतो. माझं मत असं झालं आहे की आज ती बघणाऱ्यांमुळे टिकून आहे. ज्या पोराला वर्षभर कुणी बघत नाही, त्याच्याकडे बघण्याची किंमत आपण एका दगडावर ठेवली आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार. सौंसर

गणपती बसले. आरती आटोपून बसले तर बातम्यांत स्पेनमधल्या बुन्योलचा टोमॅटोचा उत्सव. १९४५ पासूनचा. २०१३ पासून तिथं तिकीट आणि संख्येची मर्यादा आहे, आणि टोमॅटो फेकण्याआधी हातानं चेचायचा असा नियम, म्हणजे लागत नाही. तेवढ्या लांब जायलाही नको. उत्तराखंडात देवीधुऱ्याला वाराही देवीच्या अंगणात राखीपौर्णिमेला बग्वाल होते. तीही पिढ्यान्‌पिढ्यांची दगडांची लढाई. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ पासून तिथं फळं आणि फुलं फेकतात. अधूनमधून अजून दगड उडतात, पण गावानं वाट धरली आहे. देवी कोपली नाही, गर्दीही घटली नाही.

आणि आमच्या शेजारी नागपूरला, तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. शहर आपला सगळा राग, रोगराई, महागाई त्या पुतळ्यांवर काढतं, बडग्यांवर पाट्या लावतं आणि नेऊन जाळतं. राग काढायला माणसाचं डोकं लागत नाही हे विदर्भाला जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी सुचलेलं आहे.

भाच्याला आज मी सांगितलं की झाड रोवा, पूजा करा, दोन काठ ठेवा, चुरस ठेवा. संत्री आपल्याकडे कमी नाहीत, बागेत गळलेली पडून सडतात. पळसाचं झाड तोडायला उतरलेल्यांवर ती मारा. नाहीतर नदीकाठी कबड्डी लावा, पांढुर्णा विरुद्ध सावरगाव, आणि तिचे व्हिडिओ काढ. तो म्हणाला, "या दिवसांत संत्री हिरवीच रायते आत्या, दगडासारखीच लागते." खरं आहे. मग झेंडूची फुलं. तो हसला नाही, विचार करत राहिला. त्यानं शेवटचा व्हिडिओ काढून टाकला आहे, मी न सांगता.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. तुम्ही नागपूरला असा, पुण्याला असा की परदेशात, पुढच्या वर्षी गोटमारीचा व्हिडिओ तुमच्या फोनवर आला तर तो पुढे पाठवू नका आणि शेवटपर्यंत पाहू नका. पांढुर्ण्याला यायचं असेल तर आदल्या दिवशी, पोळ्याला या. झडत्या ऐका, जेवायला आमच्या घरी या.