रानाची दिवाळीतली तसबीर

घरातल्या मंडळींची तसबीर काढायची तर मुहूर्त दिवाळीचा. साऱ्यांच्या अंगावर नवे कपडे असतात. गंमत अशी की, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेलाही जवळजवळ हाच मुहूर्त पसंत आहे! देशातले वनाच्छादन मोजण्यासाठी ती उपग्रहाची जी चित्रे वापरते, ती बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली असतात. पाऊस सरलेला, आभाळ निवळलेले आणि झाडे पानांनी भरलेली.

हे ज्ञान मला झाले कुंभवलीस. पालघर जिल्ह्यातले हे गाव बोईसर स्टेशनच्या पश्चिमेस, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. एका अंगाला धुरांडी, दुसऱ्या अंगाला आंबे नि ताड. तेथे माझा एक जुना विद्यार्थी राहतो. जेवणे झाल्यावर त्याने संगणकावर आपल्या मुलुखाचे उपग्रहाने घेतलेले चित्र दाखविले. पाहतो तो सारी झाडी लालभडक!

"सर, हिरवी पाने आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परत फेकतात," तो म्हणाला. "ते दिसावेत म्हणून चित्रात त्यांना लाल रंग देतात."

पूर्वी मी त्याला शिकवीत होतो. त्या दुपारी त्याने मला शिकविले. सर्वेक्षणाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २३.५ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन, सुमारे साडेपाच गुंठे. १९८७ सालच्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरांहून लहान रान नकाशावर धरता येत नसे. आता १ हेक्टरही पुरते. तेवढ्या जागेवर निदान १० टक्के भाग झाडांच्या माथ्यांनी झाकलेला असला की ते वनाच्छादन. ७० टक्के वा अधिक असेल तर अतिघनदाट. जमीन कोणाची, झाड सागाचे की चिकूचे, ही चौकशी नाही. २०२३ च्या अहवालातले देशाचे ७,१५,३४३ चौरस किलोमीटर वनाच्छादन याच मापाचे. म्हणजे डहाणू-घोलवडची चिकूची वाडीही या हिशेबात रानातच बसते!

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवरून आम्ही पूर्वेच्या डोंगरांकडे गेलो. साग, ऐन, खैर, पळस यांच्यामधून वाट चढत होती. एका पाड्यावर विद्यार्थ्याच्या ओळखीचे एक वारली म्हातारबाबा भेटले. त्यांनी दीडएक एकराची वडिलोपार्जित खाचरे दाखविली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर आदिवासींना दावा सांगता येतो. तसा त्यांनी सांगितला आहे. अडचण बांधांवरच्या मोहांची. वडिलांनी ते राखले, यांनीही कुऱ्हाड लावली नाही. आकाशातून पाहता दीड एकर म्हणजे जेमतेम अकरा ठिपके. त्यांवर मोहांचे डेरे पसरलेले. शेत ओळखावे तरी कसे? झाडे तोडली असती तर शेत चित्रात स्वच्छ उमटले असते!

मी त्यांना चिकूच्या वाडीचीही गोष्ट सांगितली. बाबा हसले.

"मास्तर, चिकू माणूस लावतो. मोह कोण लावतो? तुमच्या त्या यंत्राला सांगा, फाल्गुनात ये."

मला अर्थ लागला नाही. विद्यार्थ्याने उलगडून सांगितला. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडलेली असतात आणि पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बायका-मुले टोपल्या घेऊन निघतात. वाळवलेली फुले घरात साठतात. आकाशातून रान उघडेबोडके दिसते, त्याच दिवसांत त्याचे देणे मोठे असते.

एवढ्यावरून उपग्रहाला नावे ठेवू नयेत. हजारो चौरस किलोमीटर रान पायी मोजणार कोण? कोठे झाडी विरळ झाली, हे दोन वर्षांच्या चित्रांची तुलना करताच दिसते. त्याला विचारले तेवढेच तो सांगतो, आणि ते चोख सांगतो. खाचर कोणी कसले, मोह कोणी राखला, हे मात्र पाड्यावरच विचारले पाहिजे. २०१२ च्या सुधारित नियमांनी हे शहाणपण कायद्यातही आणले: उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्षही पुराव्यात धरली जाते.

बाबांच्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. तोवर मोह उभे आहेत.