सतरा मिनिटे शिल्लक

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये जीव मोजून मिळत नाहीत. आमच्या जळगावात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर ‘कॉन्ट्रा’ चालायचा. तिथे सगळी मारामार जिवांसाठी होती, आणि वर-खाली, डावी-उजवीचा तो प्रसिद्ध मंत्र बटणांवर जमला की ३० जीव पदरात पडत. राजपुत्राला मात्र हवे तितके जीव. सुळ्यांवर पडा, पहारेकऱ्याच्या तलवारीने मरा, दोन जबड्यांच्या कात्रीत सापडून चिरले जा. तो पुन्हा पातळीच्या आरंभी उभा. मोजून मिळतो तो वेळ. १२ पातळ्यांना मिळून ६० मिनिटे. मेल्यावर पातळी नव्याने सुरू होते, घड्याळ मात्र थांबलेले नसते.

या एका नियमामुळे तो खेळ इतका कठीण झाला. सुळ्यांमधून धावत गेलात तर मरण नक्की, पण शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकले तर ते सुळे काहीही करत नाहीत. म्हणजे सावधपणाला बक्षीस आहे, आणि त्याची किंमतही लगेच मोजावी लागते. जपून चालणाऱ्याचा वेळ जातो, घाई करणाऱ्याचा पुन्हा पुन्हा मरण्यात जातो. शिवाय राजपुत्राला वजन आहे. लांब उडीला धाव लागते, धावताना थांबायचे म्हटले तर तो दोन पावले घसरतो. बटण दाबून झाले की ती हालचाल पुरी होईपर्यंत तुमच्या हातात काही नाही. मला आजही वाटते, की त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही खेळाने निर्णयाला इतके माणसाचे शरीर दिले नव्हते.

त्याला कारणही तसेच आहे. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८५मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले आणि ते व्हिडिओवर चित्रित केले. मग एकेक चौकट पडद्यावरून फोटोत उतरवून, बाह्यरेषा हाताने ठळक करून, त्यावरून अ‍ॅपल टू या घरगुती संगणकासाठी राजपुत्राच्या हालचाली घडवल्या. तलवारबाजी त्याने १९३८च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतली. खेळ १९८९मध्ये बाहेर पडला, तेव्हा अ‍ॅपल टूचे दिवस सरत आले होते. जगभर तो पोचला तो नंतरच्या आवृत्त्यांतून, आणि आमच्यापर्यंत आला तो डॉसवर, एका फ्लॉपीत.

धुळ्याला देवपुरात मामाकडे डीटीपीच्या कामासाठी जोडून घेतलेला ४८६ संगणक होता. मे महिन्यात आम्ही जळगावहून एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने तिथे जायचो. दिवसभर लग्नपत्रिका चालत. कूलरचा ओला वारा, बाहेर डांबर मऊ करणारे ऊन, आणि मामा पडद्यावर चिरंजीव-चि.सौ.कां. जुळवत बसलेला. संध्याकाळी काम आटोपले की आम्हा भावंडांना एक तास मिळे. मामाला खेळातले काही ठाऊक नव्हते, पण त्याचा तास आणि राजपुत्राचा तास एकच होता. मामेभाऊ, आमचा दादा, की-बोर्डवर, बाकीचे मागे. आजी मधूनच डोकावून विचारायची, “त्या पोऱ्याले कोन मारी ऱ्हायनं रे?” वीज गेली की राजपुत्रही जाई, आणि तो तास कुणी परत देत नसे.

चौथ्या पातळीवर वाटेत एक आरसा उभा राहतो. त्यावर धावत उडी मारायची. राजपुत्र पलीकडे निघतो, पण त्याची सावलीही आरशातून सुटते आणि जाताना त्याची बहुतेक ताकद घेऊन जाते. पुढे ती त्याच्याआधी औषधाची कुपी पिऊन टाकते, ऐन वेळी दार पाडते. मेकनरने हा शत्रू आधीपासून ठरवून योजला नव्हता. अ‍ॅपल टूच्या स्मृतीत नव्या पात्राची चित्रे ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्यावर गणिती क्रिया केली आणि त्यातून ती लुकलुकणारी आकृती निघाली. बाराव्या पातळीवर ती तलवार उपसून समोर येते. तिला मारले तर आपणच मरतो. खालच्या बाणाचे बटण दाबून तलवार म्यान करायची, की दोघे एक होतात. आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते. दादाने ते शोधले की कुठून ऐकले, यावर आमचे अजून एकमत नाही. पण ज्या संध्याकाळी आम्ही ते पाहिले त्या संध्याकाळी कुणीच ओरडले नाही, हे मला नीट आठवते.

यंदा मामाच्या घराची रंगरंगोटी निघाली आणि माळ्यावरून तो संगणक खाली आला. धूळ झटकून तो सुरू केला. आतली बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे त्याच्या लेखी तारीख होती १ जानेवारी १९८०. पण हार्ड डिस्क घरघरली, आणि राजपुत्र तिथेच होता.

धुळे शहराला माळ्यावरच्या गोष्टींची किंमत कळते, असे मी मानतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत राहिले आणि शेवटी याच शहरात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे १९२७पासून आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते इथल्याच वाग्देवता मंदिरात आहेत. राजपुत्राचे दप्तरही असेच हरवले होते. खेळाचा मूळ प्रोग्रॅम मेकनरकडे नव्हता. २०१२मध्ये त्याच्या वडिलांना घरात एक खोके सापडले, त्यात त्या फ्लॉप्या निघाल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचल्या, आणि मेकनरने तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. त्याच वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, खेळाचे संगीतही दिले होते.

मी खेळायला बसलो. आता हा खेळ मोबाइलवरही चालतो, आणि तिथे कुठल्याही क्षणी तो गोठवून मागे जाता येते. मला ते नको होते. डॉसवर तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल-जी दाबून खेळ साठवता येतो खरा, पण तो पातळी साठवतो आणि उरलेली मिनिटे साठवतो. उधळलेला वेळ परत मिळत नाही. बोटांना वाट आठवत होती, उडीचा क्षण मात्र हुकत होता. तिसऱ्या पातळीवरचा सांगाडा, जो तलवारीने मरत नाही, ज्याला खड्ड्यातच ढकलावे लागते, त्याने मला पुरते थकवले.

मग मी कंट्रोल-एल दाबले. साठवलेला एकच खेळ होता, दादाचा. पातळी ९. शिल्लक मिनिटे १७.

त्याला पुण्याला फोन लावला. पातळीचा आकडा सांगताच तो खोली-खोलीने वाट सांगू लागला: कुठे खाली उतरायचे, कुठला पहारेकरी आधी अडवतो, कुठे धाव घ्यायला जागा कमी पडते. चार पातळ्या, सतरा मिनिटे. होईल, म्हणाला. मग एकदम थांबला.

“तू सेव्ह तर नाही ना केलं वरून काही?”

“नाही.”

“त्या फाईलले हात नको लावजो. रविवारले मी येस.”