नेमबाजांचं गाव क्योटो

व्हिडिओ गेम खेळणारी चार मुलं एकत्र जमली, की एक भांडण ठरलेलं! एक म्हणतो, "तू लॉक लावून मारलंस, ते काही खरं नाही. हाताने नेम धर, मग बोल!" दुसरा म्हणतो, "खेळातच तशी सोय दिली आहे. मग वापरू नको की काय?" आवाज चढत जातात, आतून आई ओरडते आणि टीव्ही बंद होतो. भांडण मात्र मिटत नाही.

तर दोस्तांनो, आज आपण या भांडणाच्या मुळाशी जाऊ या. त्यासाठी गाव निवडलं आहे जपानमधलं क्योटो. 794 साली हे शहर जपानची राजधानी झालं आणि हजाराहून अधिक वर्षं सम्राट इथेच राहिले. देवळं, बागा, चहाची दुकानं आणि कामो नदी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पण आपण चाललो आहोत नेमबाजी बघायला. पायांत बूट घाला, आज बरंच चालायचं आहे!

निघण्याआधी एक शब्दार्थ पाहून घेऊ. व्याकरणाच्या तासाला 'मी' म्हणजे प्रथम पुरुष आणि 'तो' म्हणजे तृतीय पुरुष, हे तुम्ही शिकला आहातच. गेममध्येही तसंच असतं. नायकाच्या डोळ्यांतून दिसतं तो 'फर्स्ट पर्सन' खेळ. नायक पाठमोरा समोर दिसतो आणि आपण त्याच्या मागून बघतो, तो 'थर्ड पर्सन' खेळ. या दुसऱ्या प्रकारात नेम धरणं मोठं अवघड, कारण डोळे आपले आणि बंदूक त्याची!

पहिला मुक्काम सांजूसान्गेन्दो. क्योटो स्टेशनापासून पूर्वेला वीसेक मिनिटं चालत गेलं, की हे लांबच लांब लाकडी देऊळ लागतं. लांबी सुमारे 120 मीटर! मूळचं देऊळ 1164 सालचं. ते आगीत जळालं आणि 1266 मध्ये पुन्हा उभं राहिलं. आत करुणेची देवता कान्नोन हिच्या 1,001 मूर्ती रांगेने उभ्या आहेत. त्यांच्या रक्षणाला 28 देव आहेत आणि गंमत म्हणजे त्यांतले काही आपल्या ओळखीचे निघतात. इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, बासरी वाजवणारा गरुडसुद्धा आहे! बौद्ध धर्माबरोबर ही मंडळी भारतातून चीनमार्गे इथवर आली.

पण आपलं काम देवळाच्या मागच्या बाजूला, पश्चिमेच्या ओसरीत आहे. जुन्या काळी इथे तिरंदाजीची एक अचाट स्पर्धा होई. ओसरीच्या एका टोकाला बसायचं आणि बाण दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. वर पागोळ्यांचं छप्पर ठेंगणं, त्यामुळे बाण उंच सोडून चालत नसे. छताला, खांबाला, जमिनीला कुठेही लागला की बाद! सर्वांत कठीण प्रकारात हे चोवीस तास करायचं असे. 1686 साली वासा दाइहाचिरो या तरुण सामुराईने एका दिवस-रात्रीत 13,053 बाण सोडले. त्यांतले 8,133 आरपार गेले.

आता जरा वहीत गणित करा बरं. चोवीस तासांची मिनिटं 1,440. म्हणजे दर मिनिटाला नऊ बाण! आणि वाया गेलेले किती? 4,920. विक्रमवीराचेसुद्धा जवळजवळ पाच हजार बाण वाया गेले आणि तेही मोजून लिहून ठेवले गेले. हाताने नेम धरणं म्हणजे हेच. मारणारा आपण आणि चुकणाराही आपणच. अशी एक गोष्ट सांगतात, की मध्येच वासाचा हात सुजून जड झाला, तेव्हा आधीचा विक्रमवीर होशिनो कान्झाएमोन पुढे आला. त्याने छोट्या सुरीने हातातलं साकळलेलं रक्त मोकळं केलं आणि वासाला पुन्हा उभं केलं. तोडायचा होता तो विक्रम होशिनोचाच, बरं का!

आता कामो नदी ओलांडून पलीकडे जाऊ. तिथे 1930 सालची एक दगडी इमारत आहे. 2022 पासून तिथे हॉटेल चालतं, पण एके काळी ती निन्टेन्डो कंपनीची कचेरी होती. 1889 साली सुरू झालेली ही कंपनी आधी फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवायची. पुढे खेळणी आली, मग व्हिडिओ गेम आले. 1984 मध्ये 'डक हंट' आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे गेम मिळत, त्यांत बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक असे. तुमच्या मामाला किंवा काकाला विचारा, डोळे चमकतील!

त्या बंदुकीतून काय सुटायचं, सांगा पाहू? काहीच नाही! चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. नळीतला प्रकाश टिपणारा भाग तो चौकोन दिसला की नाही, एवढंच सांगायचा. म्हणजे बंदूक गोळी मारत नव्हती, बघत होती! नेम मात्र पूर्णपणे हाताचा. म्हणून तर लबाड मुलं बंदूक थेट टीव्हीच्या काचेला टेकवत.

पुढचा टप्पा उझुमासा. क्योटो स्टेशनवरून लोकल पकडली, की पंधरा मिनिटांत आपण तिथे. आपल्या गोरेगावच्या चित्रनगरीसारखीच ही सिनेमावाल्यांची वस्ती. इथे तोएई कंपनीचा स्टुडिओ आहे. जुन्या काळच्या गल्ल्या, पूल, घरं असे सामुराईपटांचे देखावे लोकांना हिंडून बघता यावेत, म्हणून 1975 साली स्टुडिओचा एक भाग खुला केला गेला.

नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात निन्टेन्डोची तीन माणसं इथे आली. तोरू ओसावा, योशिआकी कोइझुमी आणि जिन इकेदा. 'झेल्डा' या खेळाचा नवा भाग त्यांना करायचा होता आणि पहिल्यांदाच त्यात खोली येणार होती. म्हणजे नायक लिंक नुसता वर-खाली, डावी-उजवीकडे न जाता सगळीकडे फिरणार. अडचण अशी, की अशा मोकळ्या जगात तलवार चालवायला गेलं की वार हवेतच जायचा. शत्रू बाजूला सरकला की तो पडद्यावरून गायब! त्याला शोधत गोल गोल फिरायचं, तोवर तो पाठीत वार करून मोकळा.

ऊन मी म्हणत होतं. तिघे घामाघूम. गारव्यासाठी ते एका नाट्यगृहात शिरले. रंगमंचावर निन्जांचा खेळ चालला होता. एका सामुराईला अनेक निन्जांनी घेरलं. त्यांतल्या एकाने साखळी बांधलेला विळा, ज्याला कुसारीगामा म्हणतात, तो फेकला. सामुराईने साखळी डाव्या हातावर झेलली. साखळी ताणली गेली आणि निन्जा त्याच्याभोवती गोल फिरू लागला. ओसावांना वाटलं, सापडलं! लिंक आणि शत्रू यांच्यामध्ये अशीच एक न दिसणारी साखळी बांधली तर?

कोइझुमींनी दुसरी गोष्ट टिपली. एवढे निन्जा असून ते एकदम तुटून पडत नाहीत. एक वार करतो, तेव्हा बाकीचे थांबतात. आपल्या हिंदी सिनेमातल्या मारामारीतही गुंड एकेक करूनच येतात, नाही का? खेळातही ज्याच्यावर साखळी बांधली आहे तो लढेल आणि बाकीचे जरा थांबतील, असं ठरलं.

'झेल्डा'चा हा भाग 1998 च्या नोव्हेंबरमध्ये आला. हातातल्या कंट्रोलरच्या पोटाशी असलेलं झेड हे बटण दाबलं, की नजर शत्रूवर खिळायची. कुणावर खिळली ते दाखवायला आधी एक साधा त्रिकोण होता. कोइझुमींनी त्याची नावी नावाची परी करून टाकली!

कुस्तीच्या हौद्यातले दोन मल्ल आठवा. एकमेकांवरची नजर न काढता ते गोल फिरतात आणि संधी शोधतात. लॉक लावल्यावर नेमकं हेच करायचं असतं. नेमाची काळजी मिटते, पण दुसरी सुरू होते. पुढे सरकू की मागे? ढाल आत्ता वर घेऊ की थांबू? लॉकमुळे खेळ सोपा होतो, असं म्हणणाऱ्यांनी त्याच 'झेल्डा'तल्या एखाद्या पोलादी चिलखतवाल्या शत्रूपुढे उभं राहून बघावं! शिवाय त्याच खेळात धावत्या घोड्यावरून बाण मारायची एक स्पर्धा आहे. तिथे नेम आपला आपणच धरायचा. करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच खेळात ठेवल्या, त्या उगाच नाही.

आता क्योटोहून जलद गाडीने अर्ध्या तासावरच्या ओसाकाला एक फेरी मारू. तिथे कॅपकॉम कंपनी आहे. तिचा 'रेसिडेंट ईव्हिल 4' हा भीतीचा खेळ 2005 साली आला. तो मोठ्या माणसांसाठी आहे, तेव्हा तुम्ही खेळायची घाई नको. त्यातली युक्ती मात्र जाणून घेण्यासारखी आहे. नायकाची पाठ मध्ये येते आणि समोरचं झाकलं जातं, ही थर्ड पर्सन खेळांची जुनी डोकेदुखी. कॅपकॉमने काय केलं? बंदूक रोखताच कॅमेरा नायकाच्या उजव्या खांद्यामागे आणला आणि बंदुकीतून लाल प्रकाशाची रेघ सोडली. ती रेघ हाताने हलवायची आणि तोवर पाय जागच्या जागी! डोक्याला मारलं तर एक परिणाम, गुडघ्याला मारलं तर दुसरा. इथे लॉक दिला असता, तर कुठे मारायचं हा प्रश्नच उरला नसता आणि खेळाची अर्धी मजा गेली असती.

त्यानंतर खांद्यामागून बघण्याची ही तऱ्हा कितीतरी खेळांनी उचलली. अशा खेळात तुमच्या बाबतीत असं झालं असेल, की फुली बरोबर शत्रूवर आहे, तरी गोळी जवळच्या भिंतीत घुसली. ती संगणकाची लबाडी नव्हे. फुली असते कॅमेऱ्याच्या नजरेत आणि गोळी निघते बंदुकीच्या तोंडातून. दोन्हींच्या जागा वेगळ्या, म्हणून वाटाही वेगळ्या. एक डोळा मिटून बोट बघा, मग दुसरा मिटून बघा. बोट सरकल्यासारखं वाटतं ना? तसंच हे.

नेम कशाने धरता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. माउस जेवढा सरकवाल, तेवढाच नेम सरकतो. पण कंट्रोलरवरची काडी वाकवली, की नेम चालू लागतो आणि सोडेपर्यंत चालतच राहतो. वेळेवर थांबवणं आलं! तुमच्यातले बरेच जण मोबाइलच्या काचेवर अंगठा घासून नेम धरतात, तेही कठीणच. म्हणून अशा कितीतरी खेळांत एक मधली वाट असते. फुली शत्रूजवळ आली, की ती जरा मंदावते किंवा त्याच्याकडे किंचित ओढली जाते. म्हणजे लॉक नाही आणि पूर्ण मोकळीकही नाही. तेव्हा "मी तर हातानेच मारतो" अशी फुशारकी मारण्याआधी सेटिंग उघडून बघा, कदाचित थोडी मदत आधीपासूनच चालू असेल!

परतीच्या वाटेवर पुन्हा क्योटो. शहराच्या दक्षिणेला निन्टेन्डोची पांढरी, चौकोनी इमारत आहे. आत पाहुण्यांना प्रवेश नाही, तेव्हा बाहेरूनच बघायची. ज्या कंपनीने लॉकची साखळी बांधली, तिनेच 2015 साली 'स्प्लॅटून' हा रंग उडवायचा थर्ड पर्सन खेळ आणला, आणि त्यात लॉक अजिबात नाही! कंट्रोलर हातात धरून तो वर-खाली कलवायचा, की नेम हलतो. पिचकारीच समजा ना! इथे शत्रूपेक्षा जमीन महत्त्वाची. जास्त जमीन आपल्या रंगाची केली, की जिंकलो. मग नजर एकाच शत्रूला बांधून कसं चालेल?

आता भांडणातली एक बाजू, जी सहसा कुणी मांडत नाही. काही मुलांचे हात थरथरतात. कुणाला एकच हात वापरता येतो, कुणाला बारीक फुली दिसत नाही. त्यांना "हाताने नेम धर" असं म्हणणं म्हणजे "तू खेळू नकोस" म्हणण्यासारखंच. 2020 साली अमेरिकेतल्या एका कंपनीने मोठ्यांसाठीच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' या खेळात आपोआप नेम लावण्याची सोय दिली. ती हवी तशी कमी-जास्त करता येते. अशा सोयींमुळे कितीतरी जणांसाठी खेळाचं दार उघडतं. होशिनोने वासाचा हात मोकळा केला, तेव्हा बाण काही त्याने सोडले नव्हते, हे लक्षात ठेवा. अर्थात एकमेकांविरुद्ध खेळायचं असेल, तर काय चालेल आणि काय नाही हे आधी ठरवून घ्यावं. गोट्यांच्या डावात ठरवतो, तसंच.

सुट्टीत एक प्रयोग करून पाहा. मैदानात मित्राला मध्ये उभं करा आणि त्याच्यावरची नजर न काढता त्याच्याभोवती भराभर दहा फेऱ्या मारा. पायांकडे बघायचं नाही हं! मग तेवढ्याच अंतरावरून बादलीत दहा चेंडू टाका. पहिल्या खेळात तुमचे पाय दमतील, दुसऱ्यात हात चुकेल. दोन्ही नीट जमणारा गडी वर्गात कोण आहे, ते शोधून काढा. पुढच्या वेळी लॉकवरून भांडण झालं, की न्याय द्यायला त्यालाच बोलवा.